न थांबणारी बेरीज

त्र्याहत्तर सालच्या मार्चमध्ये विद्यापीठाचं परिपत्रक नगरच्या कॉलेजात आलं. येत्या जूनपासून बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला गणिताच्या मुलांना कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग हा ऐच्छिक विषय घेता येईल, असं त्यात म्हटलं होतं. विभागप्रमुख बोरावके सरांनी ते वाचलं, चष्मा काढून पुसला आणि विभागात सगळ्यांत नवीन असलेल्या दीना साळवेकडं पाहिलं.

"साळवेबाई, हा तुम्ही घ्या."

"सर, मी कॉम्प्युटर डोळ्यांनी पाहिलेलासुद्धा नाही."

"इथं कुणी पाहिलाय?" सर म्हणाले. "पुस्तकावरून शिकवायचं. मुलांसाठी एक पुस्तक ठरवा आणि मेअखेर मला नाव द्या. दुकानदाराला मुंबईहून प्रती मागवाव्या लागतील, आणि एकदा मागवलेल्या तो परत घेणार नाही. तेवढं बघून ठरवा."

दीना घरी आली. सावेडीला दोन खोल्यांच्या घरात ती आणि तिचे वडील आमोस साळवे असे दोघंच राहत. आमोस मिशनच्या शाळेत मास्तर होते, आता निवृत्त झाले होते. लेक कॉलेजात शिकवते याचा त्यांना फार अभिमान होता, आणि ती कुठं कमी पडेल की काय याची धास्तीही तेवढीच.

प्रकाशकाच्या माणसानं दोन पुस्तकं नमुन्याला दिली होती. एक जाड, परदेशी, गुळगुळीत कागदाचं. दुसरं पातळ, दिल्लीत छापलेलं, कागद पिवळसर. दीनानं आधी जाड पुस्तक उघडलं. पहिल्या प्रकरणात यंत्राच्या पोटातल्या तारा आणि चुंबकं होती, दुसऱ्यात आणखी तारा. ती रोज संध्याकाळी वाचायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच पानावर यायची. एम.एस्सी.ला पहिला वर्ग मिळवलेल्या बाईला नवशिक्यांचं पुस्तक समजू नये, हे ती कुणाला सांगणार होती?

मग तिनं पातळ पुस्तक घेतलं. त्यात पहिल्याच पानावर लिहिलं होतं, N = N + 1. तिनं पुस्तक मिटलं. गणितात हे सरळ सरळ खोटं होतं. कुठलाही आकडा स्वतःपेक्षा एकानं मोठा कसा असेल? पण पुढच्या पानावर लेखकानं सांगितलं होतं, की N ही एक पेटी समजा. पेटीत आहे ते बाहेर काढा, त्यात एक मिळवा आणि आलेलं उत्तर परत त्याच पेटीत ठेवा. दीना खुर्चीत सरळ बसली. हे तिला कळलं होतं. आपल्याला कळलं म्हणजे मुलांनाही कळेल, असं तिला त्या संध्याकाळी पहिल्यांदा वाटलं.

दुसऱ्याच दिवशी कॉलेजच्या व्हरांड्यात श्रीमंत भेटला. पारनेर तालुक्यातला हा पोरगा वर्गात मागं बसायचा, इंग्रजी बोलायला लाजायचा, पण फळ्यावरची चूक सगळ्यांत आधी त्याला दिसायची. दुष्काळामुळं त्याचे आईवडील सरकारी कामावर खडी फोडत होते. परीक्षा झाली की तोही तिथंच जाणार होता.

"मॅडम, पुस्तक ठरलं का? मी तो विषय घेणार हाय. सुट्टीत वाचून काढतो."

"बहुतेक पातळच ठरेल," दीना म्हणाली आणि नाव सांगितलं. "पण अजून नक्की नाही बरं का."

तिचं दुसरं वाक्य त्यानं ऐकलंच नसावं. आठवड्याभरात त्यानं पुण्यातल्या चुलत भावाकडून ते पुस्तक मागवून घेतलं, आणि गावी जाताना तिला आवर्जून दाखवून गेला. वर्तमानपत्राचं कव्हरही घातलं होतं.

तो गावी गेला आणि एप्रिलच्या एका रविवारी, चर्चहून आल्यावर, दीनानं पुस्तकातलं पहिलं उदाहरण करायला घेतलं. एक ते दहा या आकड्यांची बेरीज. कॉम्प्युटर नव्हताच, तेव्हा तिनं स्वयंपाकघरातले दोन डबे टेबलावर मांडले. एकावर N लिहिलेली चिठ्ठी चिकटवली, दुसऱ्यावर बेरीज. कोणत्या डब्यात काय टाकायचं ते ती पुस्तकातून वाचून सांगायची आणि आमोस कागदाचे कपटे बदलायचे.

ओळी थोड्याच होत्या. पहिली, बेरजेत शून्य ठेवा. दुसरी, N मध्ये एक ठेवा. तिसरी, N बेरजेत मिळवा. चौथी, N एकानं वाढवा. पाचवी, N दहाच्या पुढं गेला नसेल तर परत दुसऱ्या ओळीवर जा. सहावी, उत्तर छापा.

"बेरीज एक," आमोस म्हणाले. "N दोन."

"परत दुसऱ्या ओळीवर. N मध्ये एक."

"परत एक? बरं. बेरीज दोन."

थोड्या वेळानं बेरीज एकोणीस झाली, मग वीस, आणि N आपला एक आणि दोनच्या पुढं सरकेना. जेवणं राहिली होती. आमोसनी हातातला कपटा खाली ठेवला.

"पोरी, तूच कुठंतरी चुकत असशील. छापलेल्या पुस्तकात अशी चूक राहील होय?"

दीनालाही तेच वाटत होतं. तिला पाचव्या ओळीचा संशय येत होता. दुसऱ्याऐवजी तिसऱ्या ओळीवर परत गेलं तर सगळं सुरळीत होत होतं. पण यंत्राची काही वेगळी रीत असली तर? दुसऱ्यांदा त्या ओळीवर आल्यावर यंत्र ती सोडून देत असेल तर? विचारायचं कुणाला? सगळ्या नगर जिल्ह्यात याचं उत्तर देणारा माणूस तिला माहीत नव्हता. आणि इकडं श्रीमंत ते पुस्तक घेऊन गेलाही होता.

तिची झोप उडाली. चुकीचं पुस्तक लावलं तर मुलं नापास होतील. बरोबर पुस्तक आपल्याला कळलं नाही म्हणून चुकीचं ठरवलं, तर ती आणखी मोठी चूक. शेवटी तिला मार्था आठवली. मार्था तिची मावसबहीण, पुण्यात एका संशोधन संस्थेत कामाला होती. तिथं कॉम्प्युटर होता आणि त्याला लागणारी कार्डं मशीनवर छिद्रं पाडून तयार करायचं काम मार्थाकडं होतं.

मे महिन्यात दीना पहाटेच्या एस.टी.नं पुण्याला गेली. मार्थानं साहेबांची परवानगी काढून ठेवली होती. पुस्तकातली एक ओळ म्हणजे एक कार्ड.

"जसं छापलंय अगदी तसंच कर," दीना म्हणाली. "माझं डोकं त्यात नको."

कार्डांचा गठ्ठा खिडकीतून आत गेला. काचेपलीकडं थंडगार खोलीत लोखंडी कपाटांसारखी यंत्रं उभी होती. दीना बाकावर बसून राहिली. बऱ्याच वेळानं आतून एक चिडलेला माणूस गठ्ठा हातात घेऊन बाहेर आला.

"हा जॉब कुणाचा? थांबतच नव्हता. बंद करावा लागला."

दीना उठून उभी राहिली. "थांबत नव्हता?"

"नाही. बाई, यंत्राचा वेळ फुकट जातो हो."

त्या माणसाला नवल वाटलं असेल, कारण समोरची बाई ओशाळायच्या ऐवजी हसायला लागली होती. मार्थानं पाचव्या ओळीचं कार्ड बदलून दिलं, साहेबांना पुन्हा विनवलं, आणि दुपारी लांबलचक कागदावर एकटंच छापलेलं उत्तर बाहेर आलं. पंचावन्न.

पण परतीच्या गाडीत, शिरूर यायच्या आधीच, तिचा आनंद मावळला. पहिल्याच उदाहरणात चूक असेल तर पुढं किती असतील? घरी पोचल्यावर तिनं पुस्तकातली सगळी उदाहरणं डबे मांडून तपासायला घेतली. नगरला तेव्हा टँकरनं पाणी येत होतं. सकाळी रांगेत हंडा ठेवून ती तिथंच पुस्तक उघडायची. चुका सापडत गेल्या. कुठं आकडा चुकला होता, कुठं एक ओळच गळली होती. दोन ठिकाणी तिला काही नक्की सांगता येईना. श्रीमंतला कळवायला हवं हे तिच्या मनात रोज यायचं. पण काय कळवायचं? पुस्तक टाकून दे, की वापर? आधी आपलं ठरू दे, मग कळवू, असं म्हणता म्हणता महिना संपत आला.

बोरावके सरांनी तिचं सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे चुका आहेत हे माहीत असून तुम्ही हेच पुस्तक लावायचं म्हणता?"

"चुकांची दुरुस्ती मी पहिल्या दिवशी मुलांना देईन, सर."

"त्यापेक्षा ते परदेशी लावा ना. त्यात चूक सापडली का?"

"नाही सापडली," दीना म्हणाली. "पण सर, ते मला कळत नाही. पहिली प्रकरणं कितीदा वाचली तरी कळत नाहीत. मला न कळलेलं मी मुलांना कशी शिकवू?"

कॉलेजात असं कुणी बोलत नसे. सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"ठीक आहे," ते म्हणाले. "पण निकाल वाईट लागला तर प्राचार्यांसमोर तुम्ही उभं राहायचं. मी नाही."

"हो सर."

ती बाहेर आली तेव्हा तिला सुटल्यासारखं मुळीच वाटलं नाही. उलट जड काहीतरी खांद्यावर घेऊन चालल्यासारखं वाटत होतं.

जूनमध्ये प्रवेश सुरू झाले, आणि दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी श्रीमंत विभागाच्या दाराशी आला. उन्हानं काळवंडला होता, तळहातांना घट्टे पडले होते. त्याच्या हातात अर्ज होता.

"मॅडम, सही पाहिजे. मला विषय बदलायचाय."

"का रे?"

"जमणार नाही मला." त्यानं खाली पाहिलं. "पहिलंच गणित सुटलं न्हाई. दुपारी सुट्टी झाली की खडीच्या ढिगाशी खडे मांडून करायचो. बेरीज आपली एकेकानं वाढतच जाती. संपतच न्हाई. कितीदा केलं. बाकीचे विचारायचे, काय चाललंय, अन् हसायचे. आमच्यासारख्याचं काम न्हाई ते."

"श्रीमंत, तू बरोबर होतास. ती बेरीज संपतच नाही. पुस्तकात चूक आहे. मी पुण्याला जाऊन यंत्रावर घालून पाहिलं, यंत्रसुद्धा थांबेना."

"कवा गेल्ता पुण्याला?"

"मेमध्ये. संशय एप्रिलमध्येच आला होता."

"मग सांगायचं न्हाई व्हय, मॅडम?" त्याचा आवाज चढला. शेजारच्या टेबलावरच्या एका सरांनी मान वर केली. "दोन महिनं मी सोताला येडा समजतोय!"

"सांगायला हवं होतं," ती म्हणाली. "हेच घे म्हणून मीच तुला सांगितलं होतं, त्याची लाज वाटत होती. सगळं निस्तरून मग सांगू म्हटलं. ते चुकलंच माझं."

श्रीमंत जायला वळलाही, पण दारातून परत आला. "कुठं हाय चूक?"

तिनं आपलं पुस्तक त्याच्यापुढं सरकवलं आणि बोट दाखवायला हात पुढं केला.

"थांबा. सांगू नका."

तो उभ्या उभ्याच वाचत राहिला, ओठ हलवत. बाहेर मुलांचा गोंगाट चालला होता. मग त्यानं नखानं पाचव्या ओळीवर खूण केली. "दोनवर न्हाई. तीनवर जायला पाहिजे."

"हो."

तो हसला नाही. अर्ज फाडलाही नाही. घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाला, "आठ दिवस बसून बघतो. मग ठरवतो."

वर्ग सुरू झाला. पहिल्या तासाला दीनानं मुलांना सांगितलं की कॉम्प्युटर तिनं आयुष्यात एकदाच पाहिला आहे, तोही काचेतून. मुलं चपापली. मग तिनं चुकांची दुरुस्ती सांगितली आणि ज्या दोन ठिकाणांबद्दल तिची खात्री नव्हती, तीही दाखवली. एका मुलीनं तासानंतर विषय सोडला. बाकीचे राहिले. ते आवडीनं राहिले की भिडेखातर, हे तिला कळत नव्हतं. आठ दिवस झाले, पंधरा झाले. श्रीमंतनं अर्जाचा विषय पुन्हा काढला नाही आणि तिनंही विचारलं नाही.

दिवाळीनंतर ती सगळ्यांना पुण्याला घेऊन गेली. प्रत्येकानं स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम मार्थाकडं दिला होता. श्रीमंतनं गावाच्या पाच वर्षांच्या पावसाची सरासरी काढायला घेतली होती. गठ्ठे खिडकीतून आत गेले आणि मुलं व्हरांड्यात उकिडवी बसून राहिली. जेवणाचे डबेसुद्धा कुणी उघडले नाहीत. दीना खांबाला टेकून उभी होती. प्राचार्य, बोरावके सर, मार्चची परीक्षा, सगळं एकदम तिच्या डोळ्यांपुढं येत होतं.

कागद परत आले. दोघांची उत्तरं बरोबर आली होती. श्रीमंतच्या कागदावर उत्तर नव्हतं. त्याच्या तिसऱ्या ओळीचा नंबर होता आणि पुढं इंग्रजीत 'चूक' एवढंच.

दीनाला त्याच्याकडं पाहवेना. पण तो कागद गुडघ्यावर पसरून बसला, आपली ओळ वाचली, पुन्हा वाचली आणि कपाळावर हात मारला.

"स्वल्पविराम राहिलाय, मॅडम. माझाच. पुस्तकात बरोबर हाय."

आणि तो उठून मार्थाच्या खोलीकडं पळत सुटला. "ताई, एक कोरं कार्ड द्या ना," असं तो दारातूनच म्हणत होता. दीना खांबापासून हलली आणि बाकीच्या मुलांना म्हणाली, "चला, डबे उघडा आता. त्याचं होईपर्यंत जेवून घेऊ."