वाचणारा माणूस हलत नाही

आमच्या बिझनेस स्कूलच्या नव्या इमारतीत बसायच्या जागा पुष्कळ आहेत. खुर्च्याच तेवढ्या कमी. तळमजल्यावर 'आयडिया गॅरेज' आहे, तिथे मुलं मऊ गोण्यांवर बसतात. एकदा बसलेल्याला दुसऱ्याने हात दिल्याशिवाय उठता येत नाही, आणि ह्यालाच माहितीपत्रकात 'सहकार्याची संस्कृती' म्हटलंय. पहिल्या मजल्यावर भिंतींवर लिहायची परवानगी आहे. दुसऱ्यावर काचेच्या खोल्या आहेत. आतली मुलं चर्चा करतात आणि बाहेरची मुलं ती बघतात. तिसऱ्या मजल्याच्या टोकाला वाचनकक्ष आहे. तिथे टेबलं आहेत, खुर्च्या आहेत आणि ग्रंथपाल म्हणून मी आहे. माहितीपत्रकात ह्यांतल्या कशाचाच उल्लेख नाही.

गेल्या वर्षी संचालकांनी प्रत्येक खोलीच्या छताला एक पांढरी डबी बसवली. खोलीत हालचाल झाली की डबीला कळतं. दिवे लागतात आणि कार्यालयाच्या पडद्यावर 'वापरात' अशी नोंद होते. हालचाल थांबली की थोड्या वेळाने दिवे जातात आणि खोली 'रिकामी' होते. पान उलटणं, मान वळवणं डबीच्या लेखी हालचाल नाही. वीज वाचते, शिवाय कोणती खोली किती वापरली जाते हेही समजतं. ज्या खोलीचा वापर निम्म्याहून कमी, तिचा सत्राअखेर 'संवाद कट्टा' करायचा असं ठरलं.

पहिल्याच अहवालात वाचनकक्ष तळाला. त्याच्याही वर जिन्याखालची झाडूंची खोली होती.

मी तडक सुविधा अधिकाऱ्याकडे गेले. हा माणूस चांगल्या स्वभावाचा आहे, म्हणून त्याच्याशी भांडण फार लांबतं.

"खोली भरलेली असते हो," मी म्हटलं. "मुलं वाचत असतात."

"असतील ना मॅडम. पण डबी हालचाल मोजते."

"वाचणारा माणूस हलत नाही."

"मग तो खोली वापरतोय हे कशावरून?"

मी म्हटलं, वर येऊन डोळ्यांनी बघा. तो म्हणाला, डोळ्यांचा डेटा धरत नाहीत. मी तोंडाला कुलूप घालून परत आले, कारण ते उघडलं असतं तर नोकरी गेली असती.

आमच्याकडे वाचनाची पद्धत अशी झाली होती की दिवे गेले की कोणीतरी उभं राहून दोन्ही हात हवेत हलवायचं. हे काम बहुतेक वेळा शहरातल्या वाहतुकीवर पीएच.डी. करणाऱ्या एका प्रबंधवालीकडे यायचं. ती मुलगी घरी लहान भावंडांच्या गोंगाटाला कंटाळून रोज इथे येऊन बसायची. विहिरीत पडल्यासारखे हात मारायची, दिवे लागायचे, ती खाली बसायची आणि आपण कुठपर्यंत आलो होतो ते शोधत राहायची. तिने मला एकदाच विचारलं, "मॅडम, ही खोली गेली तर मी कुठे बसू?" ह्या खोलीत मी उमेदीची सगळी वर्षं काढली आहेत. ती जाणार हा घोर मला लागला होता, आणि हे मी घरात कोणालाही सांगितलं नव्हतं.

सांगणार तरी कोणाला? घरी आमचे हे. नुकतेच निवृत्त झालेले, बस कंडक्टर. उभा जन्म दोन बाकांच्या मधल्या वाटेवर पुढे-मागे चालण्यात गेला, त्यामुळे पायाला भिंगरी. आमच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा हे हललेले आले आहेत. आता बस नव्हती, म्हणून स्वयंपाकघर ते गॅलरी अशा फेऱ्या चालायच्या. गॅलरीपाशी पोचले की गजावर टक् टक् वाजवायचे. मुलगी फोनवर म्हणायची, "आई, बाबांना कुठेतरी गुंतव, नाहीतर तू वेडी होशील." ती लांबून बोलत होती, तिचं बरोबरच होतं.

बाहेर फिरायला जा म्हणावं तर तीही सोय नव्हती. बाजाराच्या वाटेवर त्यांचा ड्रायव्हर राहायचा. दोघं वर्षानुवर्षं एकाच गाडीवर, एका डब्यात जेवणारे. पण बस उशिरा आली की शिव्या कंडक्टरला. ड्रायव्हर आपला काचेपलीकडे. आणि उशीर तरी कसा, बराच वेळ एकही गाडी नाही आणि मग दोन गाड्या एकीमागे एक. ह्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं की हा ड्रायव्हर मुद्दाम रेंगाळतो. त्याच्या निरोप समारंभात चार माणसांदेखत हे बोलून गेले, "ह्याने गाडी वेळेवर हाकली असती तर मी लोकांच्या आईबहिणीवरच्या शिव्या खाल्ल्या नसत्या." ड्रायव्हरने हातातला कप खाली ठेवला आणि तो निघून गेला. तेव्हापासून बोलणं बंद. हे त्या गल्लीतून जात नाहीत आणि ती गल्ली टाळून कुठेच जाता येत नाही.

एका सकाळी हे गॅलरीकडे निघाले होते. मी भाजी चिरत होते. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

"अहो," मी म्हटलं, "उद्यापासून माझ्याबरोबर चला. चालायचं काम आहे."

हे आले. टेबलांच्या मधल्या वाटेने पुढे-मागे चालू लागले, आणि दिवे जे लागले ते संध्याकाळपर्यंत गेले नाहीत. पहिल्या दिवशी मुलं वैतागली. दुसऱ्या दिवशी ह्यांनी खुर्च्यांवरच्या बॅगा उचलायला लावल्या: "बॅग मांडीवर घ्या, माणसाला जागा द्या." पेंगणाऱ्याला खांद्यावर थोपटून विचारायचे, "कुठे उतरायचंय?" आठवड्याभरात मुलं त्यांना काका म्हणू लागली आणि त्यांच्या चपलांच्या आवाजावर निवांत वाचू लागली. प्रबंधवालीचं एक प्रकरण पुरं झालं. सुविधा अधिकारी जिन्यात भेटला तर म्हणाला, "मॅडम, तुमच्या खोलीत काय एनर्जी आलीये!" मी म्हटलं, "हो, पेन्शनवर आहे."

आकडा वर सरकत सरकत निम्म्याच्या काठावर आला. तेव्हा कार्यालयाने कळवलं की सत्राच्या शेवटच्या दिवशी दुपारी संचालक स्वतः फेरी मारतील. काठावरच्या खोल्यांचं काय ते त्या वेळी पडद्यावर जे दिसेल त्यावरून ठरेल. मी ह्यांना बजावलं, "त्या दुपारी पाय थांबू द्यायचे नाहीत." हे म्हणाले, "माझे कधी थांबलेत?"

त्या दुपारी जेवणानंतर हे फेऱ्या मारत होते. प्रबंधवालीने मागवलेली पुस्तकं खिडकीजवळच्या टेबलावर उघडी पडली होती. हे जाता जाता एकाशी थबकले. पानावर बसचं चित्र होतं. पुढे गेले, वळले, परत त्याच टेबलाशी आले. वाकून बघितलं. मग खुर्ची ओढली आणि बसले.

मला वाटलं, आता उठतील. नाही उठले. बोट ओळीवर ठेवून, ओठ हलवत वाचायला लागले. ओळ संपली की मागे जाऊन पुन्हा तीच ओळ. पान उलटलं, परत मागे आले.

दिवे गेले.

खोलीत अंधूक उजेड राहिला, खिडकीचा आणि लॅपटॉपचा. सगळ्यांनी माना वर करून काकांकडे बघितलं. काकांना पत्ताच नव्हता. त्यांनी पुस्तक थोडं खिडकीकडे कलतं केलं, बस्स. जिन्यात संचालकांचा आवाज ऐकू येत होता.

मी उठून दोन पावलं टाकली असती तरी पुरलं असतं. माझं टेबल कपाटाआड आहे, तिथलं डबीला दिसत नाही. मी अर्धी उठलेसुद्धा. पण ह्या माणसाला मी ओळखते. जरा खुट्ट झालं की हे उठतात, आणि एकदा उठले की त्या गोष्टीकडे परत वळत नाहीत. सगळ्या संसारात मी ह्यांना असं बसलेलं पाहिलं नव्हतं. वाचणाऱ्या माणसाला उठवून वाचनकक्ष वाचवायचा, ही अक्कल संचालकांची. माझ्यात ती यायला नको होती. प्रबंधवालीचे हात खांद्यापर्यंत वर गेले होते. तिने ह्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि हात हळूच खाली घेतले. तिचं जास्त जात होतं, तरी खाली घेतले. मी परत बसले.

हातच्या कांकणाला आरसा कशाला म्हणतात. आमच्या संचालकांना आरसाच लागतो. ते हातातल्या पडद्याकडे बघत आत आले, मागे सुविधा अधिकारी. संचालकांचं पाऊल आत पडलं तसे दिवे लखकन लागले.

"मी आलो तेव्हा रिकामी," भरलेल्या खोलीत उभं राहून संचालक म्हणाले. "आता वापरात दिसतेय, पण ते आपणच. रिकामी लिहा."

सुविधा अधिकाऱ्याने एकदा सगळ्या टेबलांवरून नजर फिरवली. मग खाली बघून त्याने लिहिलं. मी म्हटलं, "सर, माणसं बसली आहेत." संचालक अगदी सौजन्याने म्हणाले, "हो ना, म्हणूनच ह्यांना चांगला कट्टा मिळायला हवा." आणि गेले. मला रडू आलं. रागाचं होतं, पण रडूच.

तेवढ्यात खिडकीकडून भर बसमधला आवाज आला.

"अगं, इकडे ये!"

मी गेले. ह्यांचं बोट अजून ओळीवरच होतं. खोली गेली हे त्यांच्या गावीही नव्हतं.

"हे बघ. गाडीला जरा उशीर झाला की स्टॉपवर माणसं जास्त जमतात. ती चढेपर्यंत आणखी उशीर. मागच्या गाडीला माणसंच उरत नाहीत, ती सुसाट येऊन पुढचीला चिकटते. जगात सगळीकडे असंच होतं म्हणे. ड्रायव्हर कितीही चांगला असला तरी." ते थांबले. "कितीही चांगला असला तरी, असं छापलंय."

मी डोळे पुसून ती ओळ वाचली. तसंच छापलं होतं.

ह्यांनी खिशातून फोन काढला. वाचनकक्षात फोनवर बोलायला मनाई आहे, ती पाटी मीच लावली आहे. मी त्या पाटीकडे पाठ केली. पलीकडे बराच वेळ रिंग वाजत राहिली. मग कोणीतरी उचलला.

"मी बोलतोय," हे म्हणाले. पुस्तक त्यांनी छातीशी धरलं होतं.

"अरे, तुझी चूक नव्हती. पुस्तकात दिलंय."