झाकणाच्या आतली ओळ

मी एक लाकडी पेटी बोलतेय. हो, तीच, बस डेपोच्या फाटकाजवळची, जिच्यावर बस येईपर्यंत तुम्ही टेकता. माझ्या हिरव्या रंगावर जाऊ नका, तो मागाहून फासलाय. एके काळी तीन गावांचा धंदा माझ्यावाचून अडत असे.

धंदा कुलपांचा. एका गावात दादा पितळ ओतून कुलपांची घरं बनवायचे. दुसऱ्या गावात ताई किल्ल्या घासून त्यांत बसवायच्या. तिथून मी टेम्पोने तिसऱ्या गावी, म्हणजे मोठ्या शहरात, दुकानदाराकडे जायचे आणि रिकामी होऊन पुन्हा दादांकडे यायचे. मधे नुसती शेतं. फेरीला दोन दिवस लागत.

दादा आणि ताईंनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं. मापं कळवायची ती खडूने, माझ्या झाकणाच्या आत. वाचणाऱ्याने ओल्या फडक्याने पुसायचं आणि आपलं लिहायचं. दुकानदाराची तक्रार आली की 'किल्ली अर्धा सूत जास्त राहिली,' असं दादा लिहीत. 'किल्लीला बोल लावू नका, ओतकाम कच्चं आहे,' असं उत्तर हमखास येई. हळूहळू मापांच्या खाली 'खोकला कसा आहे?' आलं, 'लेक पास झाली' आलं. पंचवीस वर्षं हे भांडण मी पोटात वागवलं. त्या वजनाची मला अजून आठवण येते.

मग रस्ता रुंद झाला. शेतांत गोदामं आली, इमारती आल्या. एका गावात राहायचं आणि दुसऱ्यात कामाला जायचं, हे सगळ्यांच्या अंगवळणी पडलं. ताईंची लेक मोठ्या कचेरीत लागली. वाईट झालं असं कसं म्हणू? पण आता कुठलं गाव कुठे संपतं हे टेम्पोवाल्यालाही पाटी वाचून कळायचं. आणि चौकातल्या नव्या कारखान्यात एकाच छपराखाली अख्खं कुलूप तयार होऊ लागलं.

शेवटच्या फेरीला ताईंनी बराच वेळ खडू हातात धरला. मग लिहिलं, 'दादा, काम थांबवलं. तुमच्याच गावात लेकीकडे राहायला येतेय. पाण्याच्या टाकीसमोरची इमारत, तिसरा मजला. चहाला या.'

मी पोचले तर दादांच्या ओतशाळेच्या फाटकाला कुलूप. टेम्पोवाल्याने मला समोरच्या डेपोत पहारेकऱ्याकडे टाकलं. झाकण खडखडतं म्हणून त्याने चार खिळे ठोकले, रंग फासला आणि माझं बाकडं केलं.

दादा रोज संध्याकाळी इथे येऊन बसतात. मला ओळखत नाहीत. मी रागावले नाही, रंगच तसा आहे.

गेल्या आठवड्यात एक बाई त्यांच्या शेजारी टेकल्या. पहारेकरी खोलीच्या कुलपाशी झटापट करत होता. बाईंनी किल्ली मागून घेतली, अंगठा फिरवला.

"अर्धा सूत जास्त राहिलंय."

"किल्ली ठीक असेल हो," दादा सहज म्हणाले, "ओतकामच कच्चं आहे."

"किल्लीला सोडून ओतकामाला नावं ठेवणारा पहिलाच माणूस भेटला," बाई हसल्या. तेवढ्यात त्यांची बस लागली आणि त्या लगबगीने चढल्या.

बस वळली तेव्हा दादा ताडकन उठले. "अर्धा सूत," ते पुटपुटले. "अहो, त्या बाई कुठे राहतात?"

"रोज हजार माणसं येतात," पहारेकरी म्हणाला. "कुणाकुणाचं लक्षात ठेवू?"

तेव्हापासून दादा सकाळीच येतात. प्रत्येक बसमधून उतरणारा चेहरा निरखतात आणि दमले की माझ्यावर बसतात, नेमके त्या पत्त्यावर.

खडूचं अक्षर ते, रोज थोडं झडतंय. माझं बोलणं त्यांना ऐकू जात असतं तर एवढंच म्हटलं असतं, दादा, जरा उठा. या पहारेकऱ्याकडून पकड मागून घ्या. चारच खिळे आहेत.