मोजलं की जातं

"घरात कंदील किती?" साहेबाने विचारले आणि मनसाराम ढिवर दोन पावले मागे सरला.

"नाई जी. एकबी नाई."

शाळेच्या ओसरीवर सारे गाव जमले होते. कोणाची पोरं शिकतात, कोणाची अर्ध्यात गळतात, याचा शोध घेत नागपूरचा हा साहेब म्हणे गावोगाव हिंडत होता. गावाला ते कसे पटावे? कागदवाला माणूस शिवेत आला की इथल्या कोंबड्यासुद्धा अंडी मातीत पुरत, असे म्हातारे शपथेवर सांगत. मागच्या साली जंगलाच्या नाकेदाराने असेच गोड बोलून मनसारामला घरावरचे वासे मोजायला लावले होते. याने भोळेपणाने खरा आकडा सांगितला. दुसऱ्या दिवशी गाडी आली, वासे गेले. पावसाळाभर बायको डोक्यावर सूप धरून रांधत होती. तेव्हापासून मनसारामला एकच शास्त्र पक्के ठाऊक होते: मोजलं की जातं.

गुणवंतराव पाटलांना कसली भीती? कागद त्यांच्याच घरी जेवायला उतरत. "लिवा साहेब, कंदील चार, पुस्तकं पेटीभर, पोरगा हुशार!"

"शाळेत सगळ्यांत चांगलं कोण वाचतं?" साहेबाने विचारले.

गुरुजींनी चौथीतल्या प्रेमिलाला पुढे केले. "ही मनसारामची. घडाघडा वाचते."

मनसाराम गर्दीतून पुढे घुसला. वासे गेले ते गेले, आता पोरगी! "नाई जी! गुरुजी मजाक करून राह्यले. तिले काईच येत नाई. मासोळ्या निवडते, बस."

"मनसाराम, काऊन खोटं बोलून राह्यला बाबू?" गुरुजी म्हणाले.

साहेबाने पुस्तक प्रेमिलाच्या हातात दिले. तिने बापाकडे पाहिले. त्याचे ओठ पांढरे पडले होते. तिने पुस्तक शांतपणे फिरवून उलटे धरले.

ओसरी खदखदून हसली. "ढिवराच्या पोरीले पाटीपेक्षा टोपली बरी," पाटील म्हणाले. मग त्यांचा पोरगा ठेचकाळत तीन ओळी वाचून गेला. साहेबाने त्याचे नाव लिहिले. प्रेमिलाच्या नावापुढे हळहळत लिहिले, 'घरातच शिक्षणाची आवड नाही.'

साहेबाची बैलगाडी सावली गावाच्या वाटेला दिसेनाशी झाली, तेव्हा गुरुजी मनसारामजवळ आले.

"चांद्याच्या वसतिगृहात एक जागा होती रे. खाणं, राहणं, मॅट्रिकपर्यंत शाळा. साहेब ज्याचं नाव नेईल त्याले."

"मंग पयले काऊन नाई सांगतलं गुरुजी?"

गुरुजींनी आजूबाजूला पाहिले. "पाटलाच्या कानावर गेलं असतं ना."

दुपारी बापलेक तळ्यात उतरले. कमरेएवढ्या पाण्यात जाळ्याचे एक टोक प्रेमिलाने धरले, दुसरे मनसारामने.

"बा, मीनं बराबर केलं ना? त्यायनं मले नेलं नाई."

"हो माय. बराबर केलं."

ती खुशीत हसली. "मंग ओढ ना आता!"

जाळ्यात मासोळ्या उसळत होत्या, दोरीला झटके बसत होते. मनसारामला जाळे ओढवेना.