अंदाजाने शिवलेला झगा

शिंपीमास्तर तसे बोलघेवडे नव्हेत. पण त्या सभेत त्यांना काय स्फुरण चढले कोण जाणे. वेश्याव्यवसायाला कायद्याने मान्यता द्यावी की नाही, यावर हमरीतुमरी चालली होती. मास्तर उठले आणि म्हणाले, "काम ते काम. कायद्यानं मानलं तर निदान पोलिसांचा जाच तरी थांबेल. त्या बायकांना माणसासारखं वागवा." टाळ्या पडल्या. शेजारचा न्हावी म्हणाला, "मास्तर, तोफच डागलीत की!" मास्तर लाजले, पण आतून सुखावले.

दुसऱ्या दिवशी ऐन दुपारी, दुकानात गिऱ्हाइकं असताना, मागच्या वेश्यांच्या गल्लीतली, सगळ्याजणी जिला थोरली म्हणत ती बाई पुढच्या दाराने आत आली. त्या गल्लीतल्या बायका एरवी मागच्या दाराशी थांबत, मापाला जुना कपडा देत आणि निघून जात. त्यांच्या अंगाला मास्तरांनी कधी टेप लावली नव्हती. कुणी तसं ठरवलं नव्हतं. आपलं चालत आलं होतं.

"कायद्याच्या समितीपुढे बोलायचंय मला," कापड पुढे करत ती म्हणाली. "चारचौघांत शोभेल असा झगा शिवा. माप घ्या."

मास्तरांचा हात गळ्यातल्या टेपेवर गेला आणि तिथेच राहिला. गिऱ्हाइकं वळून पाहत होती.

"जुना एखादा आणा ना मापाला," ते पुटपुटले.

"आजारपणात निम्मी झालेय. जुन्यात माझ्यासारख्या दोघी मावतील," ती हसली. मग हसू ओसरले. "काल टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होते, मास्तर."

"नजरेचा अंदाज आहे माझा. होईल."

कापड ठेवून ती गेली, मागच्या दाराने.

"अहो, मला हाक मारायची," मशीनवरून बायको म्हणाली. "मी घेतलं असतं की माप."

मास्तरांना ते सुचलेसुद्धा नव्हते.

समितीपुढे थोरली बोलायला उभी राहिली, तेव्हा मास्तर मागच्या रांगेत होते. "कायदा करा, पण आम्हाला विचारून करा," ती म्हणाली, आणि झगा उजव्या खांद्यावरून घसरला. तिने तो वर ओढला. पुन्हा घसरला. समितीतल्या एकाने शेजाऱ्याकडे पाहून ओठ दाबून हसू आवरले. शेवटी एका हाताने खांदा धरूनच ती बोलत राहिली. पण बोलण्याची लय तुटली ती तुटलीच. "आटपतं घ्या, बाई," अध्यक्ष म्हणाले. उरलेलं तसंच ठेवून ती खाली बसली.

"मास्तर, उठा," न्हाव्याने ढोसले. "तुमच्यासारखं कोण बोलणार?"

मास्तरांची मान काही वर झाली नाही.