आत्याची खुर्ची रिव्हर्स घेत नाही

आमच्या आत्याने आयुष्यभर लोकांना मोटार चालवायला शिकवली. गुडघ्याखालून पाय कापावा लागला, तेव्हा शुद्धीवर आल्यावर तिने डॉक्टरांना पहिलं विचारलं, "डावा ना? म्हणजे क्लचचा गेला. ऑटोमॅटिक घेते."

पण मोटार राहिली बाजूला, घरात तिचा फ्रीज झाला. पलंगावरून उचल, खुर्चीत ठेव, खुर्चीतून उचल, गाडीत ठेव. एके दिवशी ती म्हणाली, "बास. यापुढे मला कुणी उचलायचं नाही. चाकं जातील तिथे जाईन, नाहीतर घरी बसेन."

ती खरंच घरी बसली. महिनाभर खिडकीतून शेजाऱ्यांच्या पार्किंगला नावं ठेवत होती. मग माझ्या बायकोने शहराबाहेरची एक बाग शोधून काढली. आम्ही गेलो. दारावरच पाटी होती: शांत परिसर, सहकुटुंब या, व्हीलचेअरची सोय आहे.

सोय खरोखरच होती. रस्त्यापासून लोण्यासारखा गुळगुळीत उतार. आत्या कुणाचाही हात न लागता झोकात वर चढली. आणि उताराच्या टोकाला, मोटारसायकली आत घुसू नयेत म्हणून, लोखंडी नळ्यांचं नागमोडी फाटक. पहिलं वळण तिने सफाईने घेतलं. दुसऱ्या वळणावर खट् आवाज झाला आणि खुर्ची अडकली.

"अगं, आम्ही दोघं धरतो, एका मिनिटात पलीकडे," आतोबा बाह्या सरसावत म्हणाले.

"हात लावून तर बघा," आत्या म्हणाली. आतोबांनी बाह्या खाली केल्या.

रखवालदार ओठांवर बोट ठेवून धावत आला. "हळू बोला. शांतता क्षेत्र आहे."

पुढचं सगळं भांडण कुजबुजत झालं.

"दादा, ते शेजारचं मोठं फाटक उघडा," आत्या कुजबुजली.

"ते साहेबांच्या गाडीचं आहे. किल्ली साहेबांकडे."

"मग लावा साहेबांना फोन."

त्याने फोन लावला. झुडपाआड रिंग वाजली. साहेब, म्हणजे बागेचे अधीक्षक, तिथेच सकाळच्या फेऱ्या मारत होते.

"साहेब, फाटकात एक बाई अडकल्यात," रखवालदार फोनमध्ये कुजबुजला.

"मोठ्याने बोल, ऐकू येत नाही," झुडूप ओरडलं.

"मोठ्याने बोलायची तुम्हीच मनाई केलीय साहेब."

शेवटी साहेब घामाघूम होऊन आले. मागोमाग जुळ्यांची बाबागाडी ढकलत एक आई आली, तिलाही बाहेर जायचं होतं. तिने फाटकात बसलेली आत्या पाहिली आणि सरळ एक बाळ तिच्या मांडीवर दिलं. "धरा जरा. रोज पोरं एका काखेत, गाडी दुसऱ्या काखेत, अशी पार होते मी. हात गळून गेलेत."

"किल्ली माझ्या गाडीत आहे आणि गाडी बाहेर," साहेब म्हणाले. "आजी, मला जाऊ द्या. समारंभाला उशीर होतोय."

"आजी कुणाची? तुम्ही माझ्याच वयाचे दिसता. कसला समारंभ?"

साहेब घुटमळले. रखवालदारानेच सांगून टाकलं, "सगळ्यांना सहज येता येईल अशी बाग, म्हणून बक्षीस मिळतंय आम्हाला."

आत्याच्या मांडीवरचं बाळ तेवढ्यात खदखदून हसलं. त्याला शांतता क्षेत्राचं कुणी सांगितलं नव्हतं.

"बाई, हे बघा," साहेबांनी आवाजात साखर घोळली, "थोडं रिव्हर्स घ्या. मी बाहेर पडतो, मोठं फाटक उघडतो, तुम्हाला आत घेतो. झालं?"

खरं तर रास्त होतं. आतोबांनी मान डोलावली. माझीही डोलणार होती, बायकोने कोपर मारलं.

"रिव्हर्स मला उत्तम येतो," आत्या म्हणाली. "पण घेणार नाही. आज मला आत घ्याल, नि माझ्यामागे कुलूप लावाल. उद्या या जुळ्यांच्या आईला कोण घेणार? उतार माझ्यासाठी बांधलात ना? मग मी उतारावरूनच आत येणार. सूनबाई, चहा काढ."

बायकोने थर्मास उघडला. आत्याने फाटकात बसून चहा प्यायला, बाळाच्या आईलाही दिला. साहेबांना विचारलं, ते नको म्हणाले. त्यांनी घड्याळ पाहिलं, पँट वर खेचली आणि नळीवर पाय टाकला.

नळी त्यांच्यासकट उखडली. ठेकेदाराने ती नुसती टेकवून वर झकास रंग फासला होता. तो रंगच इतके दिवस सगळ्यांना अडवत होता. साहेब फुलांच्या वाफ्यात बसले, मांडीवर नळी.

आत्याने बाळ परत दिलं, साहेबांना लागलं नाही ना ते विचारलं, आणि मोकळ्या वाटेने आत गेली. बाबागाडी तिच्या शेजारून बाहेर पडली.

"उद्या पक्की बसवणार आहे मी ही," साहेब मागून ओरडले. रखवालदाराने त्यांच्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं.

"बसवा," आत्या मान न वळवता म्हणाली. "उद्या सकाळी येते मी. चहा जास्त आणेन."

आत विशेष काही नव्हतं. तळ्यात पाणी नव्हतं आणि हिरवळीवर बसायला मनाई होती. मी म्हटलं, "निघायचं का आत्या?"

"गप रे," ती म्हणाली, आणि एकटीच दुसऱ्या फेरीला निघाली.