भरल्या गाडीची चाचणी

हे ऐकून तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही, आणि तेच बरं. लगेच मान डोलावणाऱ्या माणसाला गोष्ट सांगण्यात कसली आलीये मजा? त्या रविवारी न्हाव्याच्या दुकानातही मी अशीच सुरुवात केली. खुर्चीत माझा मित्र शिंपी बसला होता, गळ्याभोवती पांढरं कापड आणि तोंडभर फेस. मी बाकावर. दाढी मी घरीच करतो. पण दुकानात बाक आहे, आणि बाकासमोर माणसं असतात.

"काका, एकट्या जिवाला एवढी लांबलचक गाडी कशाला घेतलीत?" न्हाव्यानं वस्तरा पुसत विचारलं.

"एकटा कुठला रे? पाच माणसं आहोत आम्ही," मी म्हणालो. "मुलगा, सून, नात, नातू आणि मी."

"पण ती इथं राहतात कुठे!"

"म्हणूनच तर गाडी."

आता त्याला सगळं पहिल्यापासून सांगणं भाग होतं. मुलगा लांबच्या शहरात. येतो येतो म्हणायचा, आणि दर वेळी तेच: "बाबा, स्टेशनवरून तुमच्या त्या डबड्यात आम्ही मावणार कसे?" खोटं नव्हतं त्याचं. मी जन्मभर लिफ्ट लावल्या आणि दुरुस्त केल्या. जुन्या गाडीची मागची सीट मी कधीच उपटून टाकली होती. तिथं लोखंडी दोर, कप्प्या आणि ग्रीसचे डबे बसायचे. बायको गेल्यावर घरात बोलायला भिंती उरल्या, आणि भिंतींना माझ्या सगळ्या गोष्टी पाठ झाल्या. तेव्हा ठरवलं, पाच माणसं ऐसपैस बसतील अशी गाडी घ्यायची. मग बघू, कसे येत नाहीत ते.

शोरूममध्ये टायवाला विक्रेता पुढं आला. "सर, फॅमिली कार ना? मग फॅमिलीला घेऊन या. सगळे बसून बघा, एक चक्कर मारा."

बरोबर बोलला. आमच्या धंद्यातही रिकामी लिफ्ट कधी कुणाच्या ताब्यात देत नाहीत. आधी तिच्यात माणसांच्या वजनाइतकी वाळूची पोती भरायची, वरखाली करायची, दोर कुरकुरतो का ऐकायचं, मगच माणूस आत. मी घरी आलो आणि मुलाला फोन लावला.

"तुझं वजन किती रे?"

"बाबा, तब्येत बरी आहे ना तुमची?"

"माझी राहू दे. तुझं सांग. पोरांचंही सांग."

त्यानं सांगितलं. सुनेचं विचारलं, तर पलीकडून भांडं आपटल्याचा आवाज आला आणि फोन बंद. मग तिचं मी अंदाजानं धरलं. थोडं कमीच धरलं, उगाच घरात वाद नको.

"आणि पोती?" न्हाव्यानं विचारलं.

"पोती यानंच शिवली," मी शिंप्याकडे बोट केलं. "चांगल्या जाड कापडाची, दुहेरी शिवणीची. मुलाचं उंच, सुनेचं नेटकं, पोरांची लहान."

शिंपी फेसातून काहीतरी पुटपुटला. न्हाव्यानं त्याचं नाक धरून गाल ताणला, त्यामुळे ते तिथंच राहिलं.

"तर मी पोती घेऊन शोरूममध्ये हजर. विक्रेत्याचा चेहरा असा झाला, जणू मी त्याला ती पोती मांडीवर घ्यायला सांगतोय. चारही पोती जागच्या जागी बसवली. गाडी सुरू केली, तर टिंग टिंग टिंग! थांबेचना. विक्रेता म्हणाला, 'सर, सीटवर वजन आहे, पट्टे लावा.' बघ, गाडीला कळलं की माणसं बसलीत! विक्रेत्याला कळलं नाही, पण गाडीला कळलं. मग लावले एकेकाला पट्टे. सगळं चिडीचूप."

"आणि डिकी?"

"डिकीचं तर विचारूच नकोस. तो दाखवायला म्हणून आत वाकला, तो दिसेनासाच झाला. हाका मारून मारून माझा घसा बसला. शेवटी बॉनेट उघडलं, तर तिकडून बाहेर आला, टाय सावरत! म्हणाला, 'सर, अजून पुढंही जागा होती, पण माझी जेवणाची सुट्टी संपली.'"

न्हावी खुर्चीला धरून हसला. शिंप्याच्या हनुवटीवर जरासं कापलं. त्यानं डोळे उघडून आरशातून माझ्याकडे पाहिलं, हसला मात्र नाही.

"गाडी घेतली. मुलाला कळवलं, 'आता मावता रे सगळे.'"

"काय म्हणाला?"

"म्हणाला, 'अरे वा. बघू.' आमच्या घरात 'बघू' म्हणजे निघालोच. आणि आले की मागच्या रविवारी! सगळेच्या सगळे!"

"खरंच? अहो, मग बरोबर!" न्हाव्यानं वस्तरा हवेत उचलला. "मी दुकान बंद करत होतो, तुमची गाडी समोरून गेली. आत डोकी दिसली मला. मागे टोप्या घातलेली पोरंही."

"तेच तर! माझ्याच लोकरीच्या टोप्या. खिडकीतून वारा लागतो ना पोरांना."

आता माझी गाडी सुसाट सुटली. सांगितलं, कशी सगळ्यांना नदीकाठानं फिरवून आणली. कसं आमच्या जुन्या घराच्या दारात थांबून, इथं तुझी आई तू शाळेतून येण्याची वाट बघायची, असं दाखवलं. जिथं जिथं मी लिफ्ट लावली, त्या सगळ्या इमारती दाखवल्या.

"पोरांनी दंगा घातला असेल?"

"छे! इतकी शहाणी झालीत, हूं नाही की चूं नाही. सूनबाईला माझं गाडी चालवणं पसंत नसतं एरवी, पण एका शब्दानं बोलली नाही. आणि मुलगा..." मी खाकरलो. "मुलगा शेजारी बसून सगळं ऐकत होता. आख्खा रस्ता. मध्येच फोन घेतला नाही, घड्याळ बघितलं नाही. त्याच्या आईचं सांगताना मी जरा थांबलो, तेव्हा तोही माझ्यासाठी थांबला."

न्हाव्यानं गिऱ्हाइकाच्या मानेवरचा फेस पुसला आणि हळूच म्हणाला, "नशीबवान आहात, काका."

इथं थांबायला हवं होतं. पण जीभ ऐकेल तर ती माझी कसली? "नशीबवान कसला! त्या नातवानं नव्याकोऱ्या सीटवर वाळू सांडून ठेवलीये. काठावर खेळला, बूट न झटकता आत शिरला कार्टा. म्हणून तर परवा या शिंप्याला किल्ली दिली, म्हटलं, जा, सीटकव्हरांचं माप घेऊन ये."

शिंप्यानं गळ्याचं कापड स्वतःच सोडलं. खुर्ची वळवून माझ्याकडे तोंड केलं. हनुवटीवर कापसाचा बोळा चिकटला होता.

"माप घेतलं मी," तो म्हणाला. "टोपी घालून, पट्टा लावून बसलाय अजून तो. वाळू बुटातली नाही, लेका. तुझ्या नातवाची शिवण उसवलीये. घेऊन ये त्याला उद्या दुकानात, चार टाके घालून देतो."