उघडं लोखंड

एमरिस प्रिचर्डला उघडं लोखंड बघवत नसे. वेल्समधल्या त्या पावसाळी गावच्या डेपोत सव्वीस वर्षं बसगाड्या रंगवलेला माणूस तो, नुसती बिजागरी दिसली तरी हात ब्रशकडे जायचा. सुट्या भागांच्या पेट्या मागवून त्याने आणि सतरा वर्षांच्या डेलिथने घरच्या गॅरेजात दोन सीटची गाडी बांधायला घेतली, तेव्हा कामाची वाटणी आपोआप झाली. सांगाडा आणि रंग बापाकडे, वायरिंग लेकीकडे.

आठ महिने स्वयंपाकघराच्या टेबलावर तारांचं जंजाळ पसरलेलं, आणि बापलेक ताटल्या मांडीवर घेऊन जेवायचे. शेवटी तो शनिवार उजाडला. आज इंजिन पहिल्यांदा सुरू व्हायचं होतं. डेलिथला पहाटेपासून झोप नव्हती. त्यात नाश्त्याच्या वेळी एमरिस म्हणाला, "आज सुरू झाली नाही, तर सोमवारी डेपोतला ह्यू सगळं वायरिंग उपटून नव्याने करेल. रस्त्यावर न्यायची आहे, खेळणं नाही ते."

म्हणजे आठ महिन्यांचं काम एका किल्लीवर. टोस्ट अर्धा टाकून ती गॅरेजात गेली.

अकरा वाजता अर्धी गल्ली गॅरेजसमोर होती. शेजारच्या मिसेस बेनन तव्यावरचे मनुक्यांचे केक घेऊन आल्या. एमरिसचे थोरले भाऊ ग्विलिम घरून खुर्चीच घेऊन आले होते.

डेलिथने किल्ली फिरवली. दिवे लागले, हॉर्न वाजला, टाळ्या पडल्या. मग तिने स्टार्टरचं बटण दाबलं.

टक्.

पुन्हा दाबलं. पुन्हा टक्.

"घड्याळ झकास झालंय पोरी," ग्विलिम म्हणाले. "आता काटे तेवढे बसव."

सगळे हसले. एमरिस हसला नाही. "ह्यूला फोन करतो," तो म्हणाला.

"दहा मिनिटं दे, डॅड."

"दहाच हं."

हत्ती गेला आणि शेपूट अडकलं होतं. डेलिथने डोकं शांत ठेवायचा प्रयत्न केला. दिवे लागतात, म्हणजे वीज येते. स्टार्टरला मात्र पुरत नाही. मग वीज परत जायची वाट तर कुठे तुंबली नाही? ग्विलिमकाकांच्या व्हॅनमधून तिने जाड केबल आणली, एक टोक बॅटरीच्या काळ्या बाजूला लावलं आणि दुसरं थेट इंजिनावर. इंजिन एवढ्यात पेटू नये म्हणून पेट्रोलचा पंप बंद करून बटण दाबलं, आणि इंजिन गरागरा फिरलं.

म्हणजे तिचं वायरिंग बरोबर होतं. वीज परत नेणारी बॅटरीची काळी तार सांगाड्याला जिथे आवळली होती तो बोल्ट तिने सोडवला. खाली गडद हिरवा, आरशासारखा चकचकीत रंग होता. गुरुवारी तिने हीच जागा कानशीने घासून लख्ख उघडी केली होती. रंगातून वीज जात नाही. बोल्टच्या आट्यांतून जेमतेम दिव्यांपुरती झिरपत होती.

"डॅड," ती अगदी हळू म्हणाली, "इथे मी घासलं होतं."

एमरिस वाकला. त्याचे कान लाल झाले. "काल दिसलं," तो पुटपुटला. "म्हटलं, गंज चढेल. बोल्ट काढून तीन हात दिले आणि वाळल्यावर परत आवळला."

"बोल्ट सैल होता म्हणून सांगते सगळ्यांना."

त्याने नकारार्थी मान हलवली, ताठ उभा राहिला आणि गल्लीकडे वळला. "पोरीचं वायरिंग चोख आहे. घोळ मी घातलाय. हिने घासून ठेवलेल्या जागेवर मी रंग फासला."

ग्विलिमनी टोमणा न मारता कानस पुढे केली.

एमरिसने कानस घेतली आणि स्वतःच्या हाताने ते तीन थर खरवडले. चेहरा असा, की कुणी दाढ उपटतंय. तार आवळून तो बाजूला झाला. डेलिथने पंप चालू केला आणि बटण दाबलं.

इंजिन पेटलं. भिंतीवर टांगलेले नट आवळायचे पाने खणखणले, गॅरेज धुराने भरलं, मिसेस बेनननी कानांवर हात घेतले. डेलिथ एकाच वेळी हसत होती आणि रडत होती. इतका आनंद तिला कधी झाला नव्हता.

एमरिस तिच्या कानाशी वाकून ओरडला, "आता पुढे काय करायचं?"

पेट्या घरी आल्यापासून दीड वर्ष हा प्रश्न रोज तीच त्याला विचारत आली होती.